बाईंचं जोडपान

"सर, बाईंचा पदर उजव्या खांद्यावर आहे," मी म्हटलं.

"असेल," अच्युतराव तोफखाने चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "गाणं चालू असताना पदराकडे कोण बघतं?"

"सगळ्या बायका बघतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात बिस्कीट मोडून चहात पडलं. ते चमच्यानं शोधण्यात त्यांचा बराच वेळ गेला. मी फोटो उचलून खिडकीच्या उजेडात धरला. पदर खरोखरच उजव्या खांद्यावर होता. नाकातली चमकीही उजव्या बाजूला.

ही कोल्हापुरातली गोष्ट. संगणक अजून आमच्या गल्लीत यायचे होते तेव्हाची. 'सूरपेटी' नावाचं संगीताचं मासिक तोफखाने सर चालवायचे. संपादक तेच, मुद्रितं तपासणारे तेच, आणि अंक उशिरा निघाला की वर्गणीदारांची बोलणी खाणारेही तेच. आडनाव तोफखाने, पण स्वभाव असा की टेबलावर चढलेल्या मांजरालाही 'जरा सरकता का' म्हणतील. चित्रकलेच्या कॉलेजातून बाहेर पडल्यावर मी त्यांच्याकडे पानांची मांडणी करायला लागले. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, आणि सरांना मांडणीतलं. त्यामुळे आमचं छान जमायचं.

माझा सगळा जीव मधल्या जोडपानावर असायचा. अंक मधोमध उघडला की जिथं पिना दिसतात, तिथं डावं-उजवं पान मिळून एकच सलग कागद असतो. दुसरीकडे कुठेही फोटो दोन पानांवर पसरला की त्याचा मधला भाग घडीत गडप होतो. मधल्या जोडपानावर तो अखंड राहतो. फक्त पिना सांभाळायच्या. मी यायच्या आधीच्या एका अंकात एका सतारवादकाच्या बरोबर नाकात पीन गेली होती, आणि ते गृहस्थ पुढं कित्येक वर्षं सरांना रस्त्यात भेटले की तोंड फिरवून जायचे.

या वेळचं जोडपान कुमुदिनीबाई सातार्डेकरांचं होतं. बाईंच्या पंचाहत्तरीचा विशेषांक. बाईंनी जाहीर गाणं केव्हाच सोडलं होतं. ऐन भरात असतानाच एके दिवशी 'आता पुरे' म्हणाल्या आणि पुन्हा व्यासपीठावर चढल्या नाहीत. फोटो जपून ठेवण्याची हौस त्यांना नव्हती. त्यांच्या चालत्या मैफलीचा म्हणावा असा एकच फोटो शिल्लक होता, तो त्यांच्याबरोबर तबला वाजवणाऱ्या यल्लाप्पा गुरवांकडे, गडहिंग्लजला. सरांनी कळवल्यावर गुरवांनी तो भिंतीवरून उतरवला आणि फ्रेमसकट पोत्यात शिवून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवून दिला.

फोटो मात्र असा होता की माझे हात शिवशिवायला लागले. मागं काळाकुट्ट पडदा. बाईंचा हात अर्ध्या हवेत, मान किंचित कललेली, आणि फोटोच्या डाव्या अंगाला तबल्यावर वाकलेला एक सडसडीत तरुण माणूस बाईंच्या तोंडाकडे बघतोय. पेटीवाल्याचा नुसता गुडघा आला होता. बाई आणि तबलजी यांच्यामध्ये ओंजळभर काळोख होता. पानाची घडी आणि पिना त्या काळोखातून न्यायच्या, कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही, हे मी पहिल्या नजरेतच ठरवून टाकलं होतं. आणि मग तो पदर दिसला.

"फोटो उलटा काढलाय सर. निगेटिव्ह उलटी ठेवून छापलाय. आपण तो फिरवून घेऊ."

"अजिबात नाही." सर आता बिस्कीट सोडून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "तबला बघ. लहान, लाकडी तो तबला, तो उजव्या हाताशी. मोठा, धातूचा तो डग्गा, तो डाव्या हाताशी. इथं अगदी तसंच आहे की नाही? फोटो उलटा असता तर हा माणूस डावखुरा दिसला असता. डावखुरा तबलजी कुणी पाहिलाय?"

"आणि उजव्या खांद्यावर असा पदर घेणारी मराठी बाई कुणी पाहिलीय?"

"अगं, पदर काय, घाईत कसाही घेतला जातो."

"सर, तुमचं लग्न होऊन किती वर्षं झाली?"

त्यावर त्यांनी हुकमाचं पान काढलं. "मी त्या मैफलीला होतो, सुनेत्रा. निपाणीला. पुढच्याच रांगेत. तबलजी बाईंच्या उजव्या हाताला होता. जसा असतो तसा."

आता प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसापुढं काय बोलणार? पण मी हट्टी. फोटो फिरवून द्या अशी चिठ्ठी लावून मी तो छापखान्यातल्या इस्माईलचाचांकडे पाठवला. दुपारी फोटोची छपाईसाठीची फिल्म, म्हणजे पॉझिटिव्ह, आली ती जशीच्या तशी, उजव्या खांद्यावरच्या पदरासकट. मी तरातरा खाली गेले.

"चाचा, फिरवून मागितला होता की."

"व्हय, वाचलं की मी," चाचा अगदी मायेनं म्हणाले. "पण फिरवून बघितला तर तबलाच उलटा झाला. म्हटलं, ताईंची गडबडीत चूक झालीया. म्हणून सुलटा करून दिला. चार लोकांत तुमचं हसं नको व्हायला."

म्हणजे ज्याला म्हणून थोडंफार गाण्यातलं कळतं, तो प्रत्येक माणूस तो फोटो उलटा करायला टपलेला. चाचांना चहा पाजून मी दोन्ही प्रकारे करून घेतला. दोन जोडपानं केली. एकात मजकूर उजवीकडे, एकात डावीकडे, मथळ्याची जागाही इकडची तिकडे. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि सरांना म्हटलं, आता शांतपणे बघा. फिरवलेल्या फोटोत बाई निराळ्याच दिसत होत्या. दुसऱ्या फोटोत नुसत्या सुंदर होत्या. इथं जिवंत वाटत होत्या. आपला चेहरा दोन्ही बाजूंनी कधीच सारखा नसतो.

सर दोन्हीकडे बघत उभे असतानाच दारात आवाज आला. "तोफखानेसाहेब हाईत का?"

यल्लाप्पा गुरव स्वतःच आले होते. धोतर, काळी टोपी, हातात पिशवी. फोटोतला सडसडीतपणा तसाच, फक्त वाळलेला. बरोबर शाळेच्या निळ्या फ्रॉकातली त्यांची नात. भिंतीवरची जागा मोकळी बघवेना म्हणून फ्रेम न्यायला आलो, असं ते म्हणाले. सरांनी खुर्च्या पुढं केल्या, पोरीचं नाव विचारलं. सुवर्णा.

सुवर्णा बसली आणि लगेच टेबलाच्या कडेवर तिची बोटं चालू झाली. काहीतरी ताल असावा. मला कळत नव्हतं, पण ऐकायला गोड लागत होतं. सर कौतुकानं मान डोलवायला लागले.

"हात," यल्लाप्पामामा म्हणाले. एवढंच. पोरीनं डावा हात पटकन मांडीखाली घेतला आणि त्यावर बसली.

मग मामांची नजर टेबलावर गेली. पहिल्या जोडपानाकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्याकडे गेली आणि ते उभेच राहिले. सर उत्साहानं सांगायला लागले, "बघा मामा, तुम्हीच निकाल द्या. ही आमची सुनेत्रा म्हणते..."

"ही दुसरी उलटी झालीया," मामा मध्येच म्हणाले. "पयली बराबर हाय. तीच छापा."

"बघ!" सर मला म्हणाले.

सुवर्णा टाचा उंचावून बघत होती. "आबा, ह्यात तुमी डावरं दिसतायसा."

"छापखान्यातली चूक हाय ती," मामा म्हणाले. आवाज चढला होता. मग माझ्याकडे वळून हळूच, "ताई, जरा भाईर येताय?"

गॅलरीत कागदाचे गठ्ठे रचलेले होते. मामांनी टोपी काढली, परत घातली. खाली रस्त्यावर कुणीतरी उसाचा रस काढत होतं, त्या चरकाच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"तुमी पदर बघितलासा," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"आजपत्तर कुणी बघितला न्हवता. समदी तबलाच बघतात." ते किंचित हसले. "मी डावराच हाय, ताई. जलमापासनं."

मग त्यांनी सांगितलं. वडील देवळात पखवाज वाजवायचे, आणि देवापुढं डावा हात नको म्हणून पोरानं वाद्याला हात लावला की हाणायचे. मामा चोरून शिकले, डाव्या हातानंच शिकले, कारण दुसरा हात ऐकतच नव्हता. मोठे झाल्यावर उभं कोण करणार? तबलजी बसतो गाणाऱ्याच्या उजव्या अंगाला, म्हणजे त्याचा तबला लोकांकडे येतो. डावखुरा तिथं बसला तर त्याचा तबला आड पडतो, लोकांना नुसता डग्गा. त्याला बसवायचं तर दुसऱ्या बाजूला बसवायचं, म्हणजे पेटीवाल्याला तिथून उठवायचं, सगळी बैठकच फिरवायची.

"बाईंनी फिरवली," मामा म्हणाले. "मी पोरसवदा हुतो. पेटीवाला फुगून बसला. लोक हसली. बाई म्हटल्या, ह्याचा हात मला ऐकू येतोय, तुमाला दिसतोय, हा तुमचा दोष. तवापासनं बाई गाईपत्तर मी वाजवलं."

"आणि नंतर?"

"बाईंनी गाणं सोडलं, तसं माझं वाजवणं बी सुटलं. एका तबलजीपायी कोण गवय्या आपली पेटी हलवंल? कुणी तोंडावर न्हाई म्हटलं न्हाई, ताई. नुसतं बोलावलं न्हाई. गावात क्लास काढला. पोरांना बोलानं शिकवतो, हात लावत न्हाई. गावात कुणाला ठावंच न्हाई. लेकाला बी न्हाई."

"मग हा फोटो?"

"निपाणीचा फोटो आला तवा म्हाताऱ्याला दाखवायचा हुता. तसाच दाखवला असता तर चुलीत गेला असता. स्टुडिओवाल्याला म्हटलं, उलटा काढून दे. बानं बघितला, आणि जलमात पयल्यांदा पाठीवर हात फिरवला. ती शाबासकी फोटोतल्या माणसाला मिळाली. मला न्हवं. पण घेतली मी."

आत सुवर्णाचं काहीतरी ऐकून सर मोठ्यानं हसत होते.

"आता ही पोर," मामा म्हणाले. "तुमी बघितलासाच. हात असा की मला बी भ्या वाटतं. पण डावरी! मी सांगून सांगून दमलो, उजवा हात बसव म्हणून. भितीवरचा फोटो दाखवतो, बघ तुजा आबा कसा बसलाय. ती रोज बघती, रोज उजव्या हातानं बसती, न्हाई जमत, रडती. दसऱ्यापत्तर हात बदलला न्हाई तर तबला बंद, असं सांगितलंया मी."

"मामा, का?"

"कारण तिच्यासाठनं बैठक फिरवायला दुसऱ्या बाई न्हाईत आता." त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. वडिलांच्या वयाचा माणूस. "उलटाच छापा, ताई. हे पान घरात येणार, पोर बघणार. तिला कळलं की आबा डावरा हुता, तर ती ऐकायची न्हाई. मग माझ्यासारखं घरात बसंल. पोरीची जात हाय, आधीच कोण बोलावणार?"

मला त्या क्षणी मामांचा रागही आला आणि त्यांना मिठी मारावी असंही वाटलं. एका बाजूला बाई. साऱ्या आयुष्यात त्यांचं एक जोडपान निघणार, आणि तेही उलट्या चेहऱ्याचं. दुसऱ्या बाजूला हा माणूस, नातीवरच्या मायेपोटी तिचाच हात बांधणारा. आणि मध्ये ती पोर, हातावर बसून राहिलेली. मी म्हटलं, "मामा, हे मी ठरवू शकत नाही. फोटो बाईंचा आहे. त्यांना विचारू."

मामांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "बाईंचं दर्शन तरी हुईल."

बाईंचं घर मंगळवार पेठेत, तळमजल्यावर. रिक्षात आम्ही चौघं कोंबून बसलो, जोडपानं माझ्या मांडीवर. सरांना मी वाटेत कानात थोडक्यात सांगितलं. ते इतके ओशाळले की रिक्षावाल्यालाही त्यांनी उगाचच 'माफ करा' म्हटलं. "पण सर, तुम्ही तर पुढच्या रांगेत होता," मी म्हटलं. "अगं," ते पुटपुटले, "मी गाणं डोळे मिटून ऐकतो."

बाई सतरंजीवर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. एवढीशी मूर्ती, जाड भिंगांचा चष्मा, आवाज मात्र अजून सगळी खोली भरेल असा. यल्लाप्पामामा वाकले तशा त्यांनी ओल्या हातानंच त्यांचा गाल धरला.

"किती रोडावलास रे! जेवतोस की नाही? आणि ही कोण? नात? बैस गो बाय, हे सोलायला लाग माझ्याबरोबर. तुम्ही काय पुरुषमाणसं, बसा नुसती."

सुवर्णा खुशीत बसली. वाल चिमटीत धरायची आणि टच्कन दाबायची. दाणा बाहेर. बाईंपेक्षा भराभर. मी दोन्ही जोडपानं सतरंजीवर पसरली. बाई पुढं वाकल्या, चष्मा वरखाली केला.

फिरवलेल्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. "ही मी." मग दुसऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि ही कोण? माझ्यासारखी दिसते खरी, पण हिला मी ओळखत नाही."

मी विजयानं सरांकडे पाहिलं. सर खाली बघत होते.

"बाई," यल्लाप्पामामा म्हणाले. "ती ओळखत न्हाई म्हणतायसा, तीच छापू दे."

"का रे?"

मामांनी नुसतं नातीकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. पोर मान खाली घालून सोलत होती आणि दाणा दाबणारी चिमूट डाव्या हाताची होती. इथं 'हात' म्हणून कुणी ओरडलेलं नव्हतं, त्यामुळे ती विसरूनच गेली होती.

"डावरी काय गो तू?" बाईंनी विचारलं.

सुवर्णानं दचकून हात मागं घेतला.

"अगो, असू दे. कुणावर गेलीस?"

"कुणावरच न्हाई," सुवर्णा म्हणाली. "आई म्हणती, आमच्यात आजपत्तर असलं कोण झालं न्हाई."

बाईंनी यल्लाप्पामामांकडे पाहिलं. किती तरी वेळ पाहिलं. मामांची मान वर होईना. मला वाटलं, आता बाई त्यांना चांगलं फैलावर घेणार. मी तर वाटच बघत होते. पण बाईंनी हात पदराला पुसले आणि उलटं जोडपान उचलून माझ्याकडे दिलं.

"हे छापा."

"बाई!" मी जवळजवळ ओरडलेच. "पदर उलटा आहे. चमकी उलटी आहे. आणि तुम्हीच म्हणालात की ही मी नाही."

"मग? माझा पदर आहे ना? तो कुठल्या खांद्यावर घ्यायचा ते मी ठरवीन."

"पण हा तुमच्या पंचाहत्तरीचा अंक," सर चाचरत म्हणाले. "पुन्हा असं पान..."

"पुन्हा कशाला हवंय? अच्युतराव, हा माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा मिशीसुद्धा फुटली नव्हती. कधी काही मागितलं नाही यानं. बिदागीसुद्धा मागितली नाही, मी देईन ती घ्यायचा. आज पहिल्यांदा मागतोय. देऊन टाका."

सांगते, मला त्या क्षणी बाईंचा भयंकर संताप आला. एवढं शहाणं माणूस, आणि पोरीला असं वाऱ्यावर सोडतं! मी जोडपान गुंडाळायला घेतलं. तेवढ्यात मामांनी माझा हात धरला.

"नको," ते म्हणाले.

"काय नको?" बाई म्हणाल्या.

"बाई, माझ्यापायी एकदा तुमी सगळी बैठक फिरवलासा. आता तुमचं तोंड बी फिरवायचं व्हय?" त्यांनी टोपीनं डोळे पुसले. "एवढं न्हाई जमायचं माझ्यानं. न्हाई जमायचं."

सर चष्मा पुसायला लागले, आणि पुसत राहिले.

पुढं अंक निघाला आणि आमच्याकडे रागाच्या पत्रांचा पाऊस पडला. फोटो उलटा छापलात, एवढंही कळत नाही का, संगीताचं मासिक चालवता की किराणा दुकान, असं काय काय. सगळी पत्रं जाणत्या पुरुषांची. बाईमाणसाचं एकही नव्हतं. सरांनी प्रत्येकाला नम्रपणे उत्तर पाठवलं, आणि त्यातल्या एकानंही विश्वास ठेवला नाही. पण ते पुढचं. त्या दुपारी मात्र मंगळवार पेठेतल्या त्या खोलीत फक्त सुवर्णा बोलली. तिला यातलं काहीच उलगडत नव्हतं.

"आबा, काय झालं? का रडतायसा?"

"सुवे, हिकडं ये," मामा म्हणाले.

ती आली. मामांनी सुलटं जोडपान तिच्यापुढं ओढलं.

"ह्यो बघ. ह्यो खरा फोटो. भितीवरचा खोटा हाय. मीच करून घेतलावता खोटा, स्टुडिओवाल्याला सांगून."

सुवर्णा गुडघ्यांवर बसून त्या पानावर वाकली. बाईंकडे तिनं बघितलंच नाही. तबल्यावरच्या हाताकडे बघत राहिली. मग आजोबांच्या हाताकडे बघितलं, मग परत फोटोकडे. आता ही विचारणार, मग माझा हात का मांडीखाली ठेवायला लावलात, मला एवढं रडवलंत का. विचारायला हवंच होतं तिनं. मामाही तीच वाट बघत होते, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तिनं मान वर केली. चेहरा असा फुलला होता की मला आजही तो आठवतो.

"म्हंजे मी तुमच्यावर गेलोय व्हय, आबा?"

मामांनी मान हलवली.

"मग मी बसू तबल्याला? ह्याच हातानं?"

मामांनी परत नुसती मान हलवली.

"मान काय डोलवतोस?" बाई त्यांच्यावर खेकसल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "तोंडानं सांग तिला. मोठ्यानं सांग. सगळ्यांना ऐकू दे."

यल्लाप्पामामांनी नातीचा डावा हात, वालाच्या सालींनी चिकट झालेला, आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"बस, बाळा," ते म्हणाले. "ह्याच हातानं बस."